चकतीच्या मागची बाजू

त्याचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर साडेचारचा लावलेला असे. पण गजर वाजल्यावर उठायचं म्हणजे कुणीतरी ढकलून कामाला लावल्यासारखं, असं त्याला वाटे. म्हणून पंधरा मिनिटं आधी उठून तो गजर वाजण्यापूर्वीच दाबून टाकायचा. वर्षानुवर्षं तो गजर घरात कुणी ऐकला नव्हता. बायको म्हणायची, एकदा तरी ओरडू द्या बिचाऱ्याला, नाहीतर मुका होईल.

पावणेसहाला तो ओतकामाच्या शेडमध्ये हजर असे. पाळी सहाची होती. तो मोल्डर होता. पॅटर्नभोवती, म्हणजे वस्तूच्या लाकडी नमुन्याभोवती, ओली काळी वाळू ठोकून साचा करायचा, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्याचं काम. आल्याबरोबर तो मूठभर वाळू घेऊन आवळायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि मोडताना त्याचे स्वच्छ दोन तुकडे झाले, तर वाळू बरोबर. नाहीतर वाळू कालवणाऱ्याची खैर नसे.

शेडमध्ये त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'तराजू' होता. कुठलीही वस्तू हातात घेतली की तिचं वजन सांगायचा, आणि पंचवीस-तीस ग्रॅमच्या पलीकडे चुकायचा नाही. नवा माणूस आला की जुने लोक त्याच्याशी चहाची पैज लावायचे. नवा माणूस कुठूनतरी एखादं गिअरचं ओतीव उचलून आणायचा. हा ते एकदा वरखाली करून म्हणायचा, "तेरा किलो दोनशे." काट्यावर तेरा किलो एकशेऐंशी भरायचं, आणि कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणायचं की काटा दुरुस्तीला पाठवायला हवा.

अशा माणसाने वजनात खोट केली. तीही स्वतःच्या मुलीच्या.

त्याचं मूळ त्याच्या उमेदवारीच्या दिवसांत होतं. वाळू ठोकायला लोखंडी ठोकणी असते, तिला रॅमर म्हणतात. वस्तादाने त्याच्या हाती दिलेला रॅमर पहिल्या दिवसापासून अंगावर आल्यासारखा जड होता. बाकीचे लोक तसलाच रॅमर लीलया चालवताना दिसत. त्याला वाटे, आपल्यातच दम नाही. वर्षभर त्याचे दंड भरून यायचे, घास तोंडाकडे नेताना हात थरथरायचा. वर्ष संपलं आणि वस्तादाने दुसरा रॅमर दिला. तो हातात घेतला तर पिसासारखा. मग वस्तादाने पहिल्या रॅमरचं टोपण काढून आत ओतलेलं शिसं दाखवलं. सगळी शेड हसली. तोही हसला. सांगितलं असतं तर रडत बसला असतास, वस्ताद म्हणाला. त्या शेडची ती रीतच होती. प्रत्येक उमेदवाराच्या नशिबी वर्षभर शिशाचा रॅमर, आणि कुणी ब्र काढायचा नाही. कदाचित त्या फसवणुकीनंतरच तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन तोलून बघायला लागला असेल. पण तेव्हा त्याने एवढंच मनाशी बांधलं, की सरावात ओझं जास्त असलं की खऱ्या कामात हात उडतो.

त्याला एकच मुलगी. आई घरी शिवणकाम करायची. घर बदललं तेव्हा पंधरा वर्षांच्या या पोरीने आईचं शिवणयंत्र लोखंडी पायासकट तिसऱ्या मजल्यावर एकटीने चढवलं. सामानवाला बघतच राहिला. ही गोष्ट शाळेत खेळाच्या बाईंच्या कानावर गेली, आणि त्यांनी तिला पाण्याच्या टाकीमागच्या व्यायामशाळेत धाडलं. तिथले सर पूर्वी स्वतः वजन उचलायचे. आता त्यांचे गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. महिनाभरात ते घरी येऊन म्हणाले, ही पोर पुढे जाईल.

व्यायामशाळेतल्या वजनाच्या चकत्या गंजून पापुद्रे सुटलेल्या होत्या. एक तर तडकली होती, तिला तारेने आवळलं होतं. सरांनी आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "ओतून देतो. पूर्ण संच."

मालकाची परवानगी काढून, मोडीतलं लोखंड घेऊन, त्याने सहा रविवार त्या कामात घातले. पॅटर्न स्वतः तासले. पुढची बाजू जुन्या चकतीसारखी हुबेहूब, आकडा उठावदार, कडा गोल. मागच्या बाजूला, जी बारवर, म्हणजे दांड्यावर, चढवली की आतल्या अंगाला जाते आणि कुणी बघत नाही, तिथे त्याने पॅटर्नला पातळ फळीचा एक थर जास्त दिला. पंधराची चकती सोळा किलोची झाली. दहाची दहा किलो सातशे. पाचची पाच किलो तीनशे, अडीचची दोन किलो सातशे. स्पर्धेच्या दिवशी खरं वजन हातात येईल, बार पिसासारखा वर जाईल, आणि मग आपण चकती उलटी करून पोरीला मागची बाजू दाखवू, सगळे हसतील, असं त्याच्या मनात होतं. कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

व्यायामशाळेत त्या चकत्यांचं कोण कौतुक झालं. सर एकदा म्हणाले, तुमच्या चकत्या जरा जड वाटतात बुवा. हा म्हणाला, "सर, वय झालं तुमचं." सर हसले. तराजूच्या वजनावर शंका कोण घेणार? आणि व्यायामशाळेत काटा नव्हताच. मुली स्वतःचं वजन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन करायच्या.

वर्षभरात लेक स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीपासून एका झटक्यात सरळ डोक्यावर, साठ किलो उचलू लागली. पासष्टला मात्र दर वेळी थांबायची. पंधरा किलोचा बार धरून साठ म्हणजे खरे त्रेसष्ट होते, आणि पासष्ट म्हणजे जवळजवळ साडेअडुसष्ट. ते त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि तो मनातल्या मनात खूश होता.

पहिली स्पर्धा आली. तिने सत्तावन्नपासून सुरुवात केली. खडूची पूड हाताला लावली, वाकली, खेचलं. बार वर गेला तो थांबलाच नाही. डोक्यावरून पार मागे गेला आणि धाडकन तिच्या पाठीमागे पडला. पंचांचे तिन्ही दिवे लाल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. नाव निकालाच्या यादीतच आलं नाही. तिच्याबरोबर सराव करणारी एक उंच मुलगी होती, तिला सगळे 'शिडी' म्हणत. तिचीही तीच गत झाली.

खेचण्याची ताकद आणि डोक्यातलं माप एकमेकांशी बांधलेलं असतं. वर्षभर शरीराने जे ओझं पाठ केलं त्यापेक्षा कमी हातात आलं, तर बार हवा तिथे थांबत नाही. वाळू ठोकताना हलका रॅमर आला तर काही बिघडत नाही, कारण खाली वाळू असते, ती धक्का झेलते. इथे खाली कुणी नव्हतं. हे त्याला तेव्हा कळलं नाही. त्याने आपलं एकच मानलं, की पोर घाबरली.

परतीच्या बसमध्ये त्याने तिला ते सुनावलं. ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या स्पर्धेत एक उचल कशीबशी जमली, बाकीच्या दोन पुन्हा मागे. त्या दिवशी सभागृहाच्या बोळात, सर होते, शिडीचे आईवडील होते, दुसऱ्या गावची मंडळी होती, त्या सगळ्यांदेखत तो म्हणाला:

"हात चांगले आहेत हिचे. मन कच्चं आहे."

लेकीने मान वर केली नाही. बुटाचे बंद सोडत होती, ते सोडत राहिली. शिडी बाजूलाच उभी होती. तिने ते वाक्य आपल्यालाही लावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून ती यायची बंद झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, मला घरी काम असतं.

मग सरांनी एका मॅडमना बोलावलं. त्या खेळाडूंच्या मनाचा सराव घ्यायच्या, दर शनिवारी संध्याकाळी. हा घरी येऊन बायकोला म्हणाला, मन म्हणजे काय दंड आहे, बैठका मारून वाढवायला? तरी पैसे त्यानेच भरले. त्यासाठी रविवारची जादा पाळी घेतली. पैसे भरतो आणि नाक मुरडतो, असं त्याचं चाललं होतं.

मॅडमचं काम बघायला काहीच नव्हतं, म्हणून त्याला ते काम वाटायचं नाही. त्यांनी लेकीला श्वास मोजायला शिकवला. बारपाशी जाताना दर वेळी तेच आणि तेवढंच करायचं: खडू, दोन श्वास, एक शब्द. तिने शब्द निवडला, 'सरळ'. एक वही दिली. रोजच्या सरावानंतर तीन गोष्टी लिहायच्या: अंगाला काय वाटलं, मनाला काय वाटलं, आणि आत कोण काय बोललं. आणि रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून, डोळे मिटून, संपूर्ण उचल मनात करायची. हाताला बारचा खरखरीतपणा लागला पाहिजे, कानाला चकत्यांचा आवाज यायला पाहिजे. ती स्वयंपाकघरात बसायची. तेवढी पाच मिनिटं आई शिवणयंत्र थांबवायची.

हा एकदा दारातून म्हणाला, "झालं का उचलून? खाली सावकाश ठेव हो, फरशी फुटेल."

लेक हसली नाही. बायकोही नाही. लेकीने डोळेही उघडले नाहीत, उचल पूर्ण केली, आणि मगच उठली. ते त्याला नंतर फार आठवत राहिलं.

चार महिन्यांनी मॅडमनी आईबापांना एका शनिवारी बोलावून घेतलं. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात चार खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, वहीतलं एखादं पान वाचशील का, तुला हवं ते. तिने बराच वेळ पानं उलटली. मग वाचलं. आवाज सपाट होता.

"स्पर्धेत बार हलका वाटतो. फार हलका. मॅडम म्हणतात भीतीने अंगाचा अंदाज चुकतो, तसंच असणार. इथे मला प्रत्येक किलो कळतो, तिथे हातांना काहीच कळत नाही. बाबांच्या हातांना सगळं कळतं. माझे हात खोटं बोलतात."

भट्टीसमोर उभं राहून त्याला कधी घाम फुटला नव्हता असा घाम फुटला. हात खोटं बोलत नव्हते. एक किलो, दोन किलो, तीन किलो, सगळं हात बरोबर सांगत होते. ते त्याचेच हात होते, त्याच्याकडूनच आलेले. आणि गेलं दीड वर्ष त्या पोरीला सगळे मिळून पटवत होते की खऱ्याला खोटं म्हण.

मॅडमनी विचारलं, घरी किंवा सरावात असं काही आहे का, की जे तिला स्पर्धेत मिळत नाही? प्रश्न दोघांना होता, पण बघितलं त्यांनी त्याच्याकडे.

"तसं काही नाही," तो म्हणाला.

हे त्याचं दुसरं खोटं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट. पहिलं करताना त्याला परिणाम माहीत नव्हता.

माणूस लाजला की दोनच गोष्टी करतो, कबूल करतो किंवा झाकतो. त्याने झाकायचं ठरवलं. रंग उडालाय, नव्याने मारून आणतो, असं सरांना सांगून त्याने एकेक जोडी कामावर नेली. लोखंड तासायच्या लेथवर असणारा माणूस त्याचा जुना सोबती होता. त्याने विचारलं, पुढून तासतात बाबा, तू मागून का उतरवतोयस? हा म्हणाला, खडबडीत राहिलंय. तीन आठवड्यांत सगळा संच तंतोतंत झाला. पंधराची पंधरा, दहाची दहा. लेथखाली पडलेला काळा भुगा त्याने दर वेळी झाडून एका पत्र्याच्या डब्यात भरला. मशीनखाली घाण ठेवून जाणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो डबा फेकून देणं का जमलं नाही, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. त्याचा हिशेब असा होता, की आता सगळं आपोआप सुरळीत होईल, मॅडमना श्रेय मिळेल, पोरीला वाटेल मन घट्ट झालं, आणि कुणाला काही कळायचं नाही.

सोमवारी लेकीने साठ लावले. खडू, दोन श्वास, 'सरळ'. बार वर गेला आणि मागे पडला.

तिने पुन्हा केलं. पुन्हा मागे. पाच वेळा केलं. सर म्हणाले, राहू दे आज. ती फळीवर बसली आणि तिने हात उघडून समोर धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

आजवर निदान ही जागा तिची होती. स्पर्धेत काहीही होवो, इथे बार तिचं ऐकायचा. आता तेही गेलं. आठवडाभर असंच चाललं. घरी येऊन तिने आईला सांगितलं की ते इथेही आलं, माझ्यामागोमाग. शुक्रवारी तिने वही आईपुढे ठेवली. अर्धी कोरी आहे, तुझी मापं लिहायला घे, म्हणाली. उद्या मॅडमना भेटून सांगते, की मी थांबतेय.

आईने वही घेतली नाही, परतही केली नाही. ती शिवणयंत्रावरच राहिली. लेक आत गेल्यावर बायको नवऱ्याला म्हणाली:

"हल्ली तुम्ही काही हातात घेऊन वजन सांगत नाही."

त्याने पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला.

"महिना होऊन गेला. पिशवी आणता आणि नुसती ठेवता. मी म्हटलं हात दुखत असेल."

"हात बरा आहे," तो म्हणाला.

ती पुन्हा यंत्रावर पाय चालवायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजला. सव्वाचारला तो जागाच होता, पण हात पुढे गेला नाही. गजर वाजू लागला, वाजत राहिला. लेक दार उघडून बाहेर आली, काय झालं म्हणून बघायला. तो अंथरुणात बसला होता. बायको म्हणाली, काही नाही, झोप तू.

त्या दिवशी त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाळीला कळवलं की येत नाही. संध्याकाळी पत्र्याच्या डब्यातला थोडा भुगा काढून ठेवून, डबा पिशवीत घालून तो व्यायामशाळेत गेला. सर होते, मॅडम होत्या, तीन-चार मुली खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनी बसल्या होत्या. लेक मॅडमसमोर उभी होती, वही खुर्चीवर ठेवलेली, बहुधा सांगतच होती. त्याला एकांतात सांगता आलं असतं. पण 'मन कच्चं आहे' हे त्याने एकांतात म्हटलं नव्हतं.

त्याने डबा लेकीच्या हातात दिला.

"किती आहे सांग."

तिने त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. खेळ समजून रागावली असावी. पण हात आपोआप एकदा वरखाली झाला.

"साडेतीन किलोला कमी. थोडंसंच."

"तीन किलो चारशे," तो म्हणाला. "पासष्टच्या बारवर एवढं जास्त होतं तुझ्या. पहिल्या दिवसापासून. मी मागून घातलं होतं. आता काढलं, तेही न सांगता. म्हणून गेला आठवडा बार मागे पडतोय."

सर एका चकतीपाशी गेले, ती उलटी केली, लेथची ताजी घासलेली मागची बाजू बोटाने चाचपली आणि तसेच वाकून उभे राहिले.

लेकीच्या हातात डबा तसाच होता. ती मनात काहीतरी मोजत होती.

"म्हणजे मी साठ नाही, त्रेसष्ट उचलत होते."

"हो."

"आणि स्पर्धेत हलका वाटायचा, तो हलकाच होता."

"हो."

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

इथे त्याला एक सोपी वाट होती. माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरं होतं.

"वजनाचं माहीत होतं," तो म्हणाला. "त्याने हे होतं, हे नव्हतं माहीत. ते कळलं तू वही वाचलीस तेव्हा. त्यानंतरही गप्प बसलो."

तिने डबा खाली ठेवला. फेकला नाही, सावकाश ठेवला. वही पिशवीत घातली आणि ती निघून गेली. तो तिच्यामागे गेला नाही. मुली जमिनीकडे बघत होत्या. त्यातली एक हळूच आपले हात पुसत होती. त्याच्याकडे तिरस्काराने कुणी बघितलं नाही. तसं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मॅडम त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. चार महिने त्या तिला सांगत होत्या, की हलकं वाटणं हा मनाचा खेळ आहे. एकदाही त्यांनी चकती काट्यावर ठेवून बघितली नाही. मन तपासायच्या आधी लोखंड तपासायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही वाळू ठोकता ना? जास्त ठोकली तर साचा आणखी चांगला होतो का?

उत्तर त्याला झोपेतही आलं असतं.

"नाही होत. साच्याला श्वास घेता येत नाही. आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि ओतीव आतून पोकळ निघतं. वरून दिसत नाही. तासायला घेतलं की भोक लागतं."

"हं," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो शिडीच्या घरी गेला. ती आता एका कपड्यांच्या दुकानात काम करत होती, दुपारी जेवायला घरी येई. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाली, मला तेव्हा वाटायचं माझी उंचीच नडते. मग जरा हसून म्हणाली, काका, दीड वर्ष झालं, आता माझ्याने काय होतंय. जाताना तिने दारापर्यंत सोडलं. त्याचे पाय जिन्यावर इतके जड झाले, की एकेक पायरी त्याने मोजली. ते वजन मात्र त्याला सांगता आलं नसतं.

लेक तीन दिवस व्यायामशाळेत गेली नाही. चौथ्या दिवशी गेली. थांबते म्हणाली होती, त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. शिवणयंत्राशेजारी मापं लिहायला आईने नवी वही आणली, जुनी लेकीकडेच राहिली. बापाशी ती बोलायची ती कामापुरतं: पाणी आलंय, सरांचा निरोप आहे, जेवण झाकून ठेवलंय. दोन महिने असं चाललं. त्यानेही बोलण्याची घाई केली नाही. माफी मागून तिच्यावर आणखी एक ओझं टाकावं, असं त्याला वाटत नव्हतं.

मॅडमनी आता सराव उलटा घ्यायला सुरुवात केली. लेक पाठमोरी उभी राही, मुली बारवर काहीतरी लावत, आणि ती न बघता बार गुडघ्यापर्यंत उचलून वजन सांगे. मग बघायचं. महिनाभरात ती अर्ध्या किलोच्या आत आली. त्या वहीत तिने काय लिहिलं ते त्याने कधी विचारलं नाही. पण एका संध्याकाळी ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती, आणि तो दारात होता. तो पायातले बूट हातात घेऊन बाहेरच उभा राहिला. पाच मिनिटं. आत यंत्र थांबलेलं होतं.

पुढच्या स्पर्धेला जाताना तिने आईला बरोबर नेलं. त्याला ये म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. तो गेला, आणि सभागृहाच्या बाहेर, बोळात उभा राहिला, जिथे दोन वर्षांपूर्वी बोलला होता तिथेच. आतून नाव पुकारलं. त्रेसष्ट. शांतता. मग चकत्या जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मागे पडतात तेव्हा आवाज आधी येतो आणि वाकडा येतो. हा उशिरा आला, आणि दोन्ही बाजू एकदम टेकल्या. त्याला तो आवाज कळला. सहासष्टला तसाच. अडुसष्टला बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग तोच आवाज.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यापाशी खडू लागला होता. त्याला बघून थांबली.

"बरोबर वाटत होतं," ती म्हणाली. "जेवढं सांगितलं तेवढंच."

तो नुसता मान हलवून राहिला. बाकीचं बोलायची त्याची लायकी नव्हती असं त्याला वाटत होतं, आणि ते आजही वाटतं. पुढे ती पुष्कळ बोलू लागली, थट्टाही करू लागली. पण त्याने एखादी पिशवी हातात घेऊन चार किलो म्हटलं, की ती ऐकून घेते आणि मग एकदा स्वतः उचलून बघते. त्याला समजू नये असं हळूच बघते. त्याला समजतं.

निवृत्त झाला तेव्हा चौतीस वर्षांचा एकरकमी पैसा हातात आला. घराचा ओला कोपरा दुरुस्त झाला, बायकोचे डोळे तपासून झाले. उरलेल्यातून त्याने व्यायामशाळेसाठी एक मोठा वजनकाटा घेतला, जमिनीसपाट बसणारा, जाड पोलादी पाटाचा, सरकारी शिक्क्याचा. दारातच बसवला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक चकती तिथे चढते, आणि जे भरेल ते मागच्या बाजूला रंगाने लिहिलं जातं.

विकणाऱ्याने विचारलं होतं, पाटीवर देणगीदाराचं नाव काय घालू?

"नाव नको," तो म्हणाला. "किती किलोपर्यंत बरोबर दाखवतो, तेवढं घाल."